मिनिटाला ४५ शब्द आणि माझी ऐकण्याची वही

जून २०२४मध्ये शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता. नुकत्याच तिसरीत आलेल्या एका मुलाला मी जवळ बसवले आणि मागच्या वर्षीच्या पुस्तकातला कोणताही पाठ वाचून दाखव, असे सांगितले. त्याने पान उघडले आणि एकही चूक न करता, योग्य ठिकाणी थांबत, आवाजात चढउतार ठेवत अख्खे पान वाचले. मला समाधान वाटले. शाबासकी देता देता मी सहज मधल्या ओळीतल्या ‘पाऊस’ या शब्दावर बोट ठेवले आणि हा कोणता शब्द, असे विचारले. तो गप्प झाला. मग त्याने ओळीच्या पहिल्या शब्दावर स्वतःचे बोट ठेवले, तोंडातल्या तोंडात वाक्य म्हणत एकेक शब्द पुढे सरकत तो त्या जागेपर्यंत आला आणि मोठ्याने म्हणाला, ‘पाऊस, बाई.’

दोन वर्षे हा मुलगा वाचतो आहे असे मी धरून चालले होते आणि दोन वर्षे तो इतरांचे ऐकून पाठ करत होता. त्याची स्मरणशक्ती उत्तम होती, म्हणूनच त्याची अडचण मला दिसली नाही. त्या दिवशी संध्याकाळी मी एक दोनशे पानी वही घेतली, प्रत्येक मुलासाठी काही पाने राखून ठेवली आणि पुढचे वर्षभर त्या वहीवर काम केले. त्या वर्षाचा हा अनुभव आहे.

आमची शाळा बीड जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा आहे. पहिली ते तिसरी माझ्याकडे असतात, तर चौथी, पाचवी आणि मुख्याध्यापकपदाची कामे माझे सहकारी पाहतात. त्या वर्षी माझ्या तीन वर्गांत मिळून २६ मुले होती. गाव डोंगराळ भागात आहे, जमीन हलकी आहे, आणि दिवाळीनंतर गावातली बरीच कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात. त्यामुळे आमच्या शाळेचे वर्ष दिवाळीपर्यंतचे एक आणि दिवाळीनंतरचे दुसरे, असे दोन तुकड्यांत विभागलेले असते.

वाचनाचे निकष आम्हा शिक्षकांना आता तोंडपाठ झाले आहेत. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान हे सर्वांत निकडीचे काम ठरवले आणि ५ जुलै २०२१ रोजी निपुण भारत अभियान सुरू झाले. तिसरी पूर्ण करणारे प्रत्येक मूल २०२६-२७पर्यंत समजून वाचू शकेल, हे त्याचे उद्दिष्ट आहे. बालवाटिकेतल्या, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गातल्या मुलाने अक्षरे व त्यांचे ध्वनी ओळखून दोन-तीन अक्षरी सोपे शब्द वाचावेत. पहिलीतल्या मुलाने वयाला साजेशा अपरिचित मजकुरातली चार-पाच सोप्या शब्दांची वाक्ये वाचावीत. दुसरीत मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीत किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत, अशी ती चढती पायरी आहे. आमच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीत, या आकड्यांवर दर महिन्याला चर्चा होते आणि माहितीच्या तक्त्यात प्रत्येक मुलापुढे ‘उद्दिष्ट साध्य’ किंवा ‘उद्दिष्ट असाध्य’ अशी नोंद करावी लागते.

वेगाचा आकडा निरर्थक आहे, असे काही शिक्षकमित्र म्हणतात. मला ते मान्य नाही. मूल ‘आ-जी-ने टो-प-ली-तू-न भा-क-री का-ढ-ली’ असे एकेक अक्षर जुळवत शेवटाला पोहोचते, तोवर वाक्याची सुरुवात त्याच्या हातून निसटलेली असते. भाकरी कोणी काढली, असे विचारले तर ते पुन्हा पहिल्या शब्दाकडे जाते. सगळे लक्ष अक्षर ओळखण्यात खर्च झाल्यावर अर्थासाठी काही उरत नाही. म्हणून काही एक किमान वेग हवाच. मात्र वेग वाढला की अर्थ आपोआप कळतो, असे उलट बाजूने म्हणता येत नाही, आणि पुढे ऑगस्टमध्ये मला त्याचा प्रत्यय आला.

जूनचा उरलेला महिना मी ऐकण्यात घालवला. पाठ्यपुस्तकातला मजकूर मुलांना पाठ असू शकतो हे कळल्यामुळे मी स्वतः सहा छोटे मजकूर लिहिले. रानात चरायला गेलेली शेळी संध्याकाळी घरी परतत नाही, आजी आणि नात कंदील घेऊन तिला शोधायला निघतात, अशी त्यातली एक गोष्ट साठ शब्दांची होती. एकेका मुलाला व्हरांड्यात बोलावून मी ते वाचायला देत असे. आधी मजकूर, तो जमला नाही तर सुटी वाक्ये, तीही जमली नाहीत तर शब्द आणि शेवटी अक्षरे, असा उतरता क्रम ठेवला. ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची स्थिती पाहण्यासाठी २००५पासून होणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणातही मुलाला समोर बसवून असेच अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट या पातळ्यांवर तपासतात, त्यामुळे ही रीत आम्हाला नवी नव्हती. नवे होते ते एवढेच की मी फक्त पातळी लिहून थांबले नाही. मुलाने जे वाचले ते तसेच्या तसे लिहून घेतले.

त्यासाठी मजकुराची एक प्रत माझ्या मांडीवर असे. मुलाने शब्द गाळला तर मी त्यावर आडवी रेघ मारी, दुसराच शब्द वाचला तर तो वर लिही, आणि स्वतःहून मागे येऊन चूक सुधारली तर तिथे एक छोटा बाण काढी. अशी स्वतः केलेली दुरुस्ती मी चूक धरत नव्हते. तीन सेकंदांत शब्द आला नाही तर ‘पुढचा वाच’ असे सांगत होते, कारण एकाच शब्दापाशी अडलेल्या मुलाचा धीर खचतो. वाचून झाल्यावर तीन प्रश्न विचारत होते: एकाचे उत्तर मजकुरात सरळ दिलेले, दुसऱ्याचे दोन वाक्ये जोडून काढावे लागणारे आणि तिसरे मुलाच्या स्वतःच्या अनुभवाशी जोडलेले. एका मुलाला सात-आठ मिनिटे लागत. बाकीची मुले तोवर पाटीवर चित्रे काढत, शब्दपट्ट्या लावत किंवा वर्गात गोंधळ घालत. २६ मुलांसाठी नऊ दिवस लागले.

या नोंदी एकत्र पाहिल्यावर चुकांचे प्रकार दिसू लागले. पहिलीतून दुसरीत आलेल्या बऱ्याच मुलांना सुटी अक्षरे येत होती, पण अक्षराला वेलांटी किंवा मात्रा लागली की ती नुसते मूळ अक्षर वाचत. ‘दिवा’चे ‘दवा’ आणि ‘मेळा’चे ‘मळा’ होई. काही मुले पहिले अक्षर पाहून उरलेला शब्द अंदाजाने म्हणत, म्हणजे ‘कंदील’ऐवजी ‘कंगवा’. तिसरीतल्या मुलांना जोडाक्षरे आणि त्यातही ‘र’ची निरनिराळी रूपे अडत होती, आणि त्यात नवल नाही, कारण प्रकाश, सूर्य, ट्रक आणि वाऱ्या या चार शब्दांत एकच ‘र’ चार वेगवेगळ्या वेशांत येतो.

एका चौथ्या प्रकाराने मात्र मला फार विचार करायला लावला. तिसरीतली एक मुलगी ‘शेळी कुठे आहे’ हे वाक्य ‘शेळी कुठं हाय’ असे वाचत होती. ‘पाणी’चे ‘पानी’ आणि ‘आणि’चे ‘आनि’ होत होते. ‘सांभाळते’ समोर असताना ती ‘संभाळती’ म्हणत होती. प्रत्येक शब्द मोजला तर साठ शब्दांत तिच्या अकरा चुका भरत होत्या. पण ‘आहे’ पाहून जे मूल ‘हाय’ म्हणते, त्याने तो शब्द वाचला आहे, त्याचा अर्थ त्याला कळला आहे आणि मग तो त्याच्या घरच्या बोलीतून बाहेर आला आहे. अक्षर न ओळखणाऱ्या मुलाला हे करताच येणार नाही. मी या नोंदींसाठी हिरवी शाई ठरवली आणि त्यांना चुकांतून वजा केले. प्रमाण उच्चार शिकवायचाच आहे, पण तो वेगळा पाठ आहे, आणि त्यासाठी वाचू शकणाऱ्या मुलीला ‘वाचता येत नाही’ या रकान्यात बसवणे हा तिच्यावर अन्याय आहे.

शब्दमोजणीबद्दलही एक गोष्ट नोंदवायला हवी. हिंदीत ‘घर में’ हे दोन शब्द होतात, मराठीत ‘घरात’ हा एकच होतो. ‘झाडाखालच्या’, ‘आजीबरोबरच’, ‘शाळेतल्यांनासुद्धा’ असे लांबलचक शब्द आपल्या भाषेत पावलोपावली येतात, कारण प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये आपण शब्दाला जोडूनच लिहितो. म्हणजे साठ मराठी शब्द वाचणाऱ्या मुलाला साठ हिंदी शब्द वाचणाऱ्या मुलापेक्षा अधिक अक्षरे पार करावी लागतात. २०२२मध्ये तिसरीच्या मुलांचे जे राष्ट्रीय पायाभूत अध्ययन सर्वेक्षण झाले, त्यात २० भाषांतले वाचन तपासले गेले आणि प्रत्येक भाषेसाठी वाचनाचे निकष स्वतंत्रपणे ठरवले गेले, हे मला म्हणूनच योग्य वाटते. वर्गात मी माझ्यापुरता उपाय केला: तपासणीचा मजकूर लिहिताना चारपेक्षा जास्त अक्षरांचे शब्द किती आले ते मोजून ठेवायचे आणि दोन मजकुरांत त्यांचे प्रमाण सारखे राखायचे, म्हणजे जूनच्या वाचनाची ऑक्टोबरच्या वाचनाशी प्रामाणिक तुलना होते.

जुलैपासून परिपाठानंतरचा पहिला तास मी इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट करून घेऊ लागले. तिसरीतला तो ‘पाऊस’वाला मुलगा त्यामुळे पहिलीच्या मुलांबरोबर बसणार होता, आणि पहिल्याच दिवशी तो दप्तर घेऊन आपल्या जुन्या जागी जाऊन बसला. मी त्याला ओढून आणले नाही. दुसऱ्या दिवशी गटांची नावे काढून टाकली आणि प्रत्येक गटाला एकेक काम दिले. अक्षरपत्त्यांचा डबा सांभाळायचा, पत्ते पिसून वाटायचे आणि तयार झालेले शब्द फळ्यावर लिहायचे, हे काम त्याच्याकडे आले. डबा हातात आल्यावर तो गटात बसला. फळ्यावर लिहायचे तर आधी वाचावे लागते, आणि चुकले तर पहिलीची मुले ताबडतोब ओरडत. त्याच्या वाचनाला तिथून सुरुवात झाली.

या गटाला मी ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत ओळीने नेले नाही. क, म, ल, न, र ही पाच अक्षरे आणि काना एवढ्यावर पहिला आठवडा काढला. तेवढ्यात काका, मामा, काम, नाक, कान, रान, लाल, माल, कमाल, नकार असे किती तरी शब्द तयार होतात, आणि मुलाला पहिल्याच आठवड्यात आपण वाचतो आहोत असे वाटते. पुढच्या आठवड्यात वेलांटी आली. प्रत्येक नवे चिन्ह आले की ते आधीच्या सगळ्या अक्षरांना लावून पाहायचे, मग त्याचे शब्द करायचे, मग त्या शब्दांचे एखादे वाक्य. संपूर्ण बाराखडी सुरात म्हणून घेण्याची आमची जुनी सवय मी सोडली नाही, मुलांना ती आवडते, पण तिला वाचन समजणे मात्र सोडले.

पुढच्या गटाबरोबरचे काम मला स्वतःला सर्वांत जास्त शिकवून गेले. मुलांनी सांगायचे आणि मी लिहायचे, असा तो तास होता. दुसरीतल्या एका मुलीने सांगितलेली तीन वाक्ये मी तिच्याच शब्दांत फळ्याच्या डाव्या बाजूला लिहिली: ‘माय कोपीत भाकर करती. मी भावाला संभाळती. बाप मोळ्या भरतो.’ कोपी म्हणजे ऊसतोडीच्या ठिकाणची झोपडी. तिने ती वाक्ये एका दमात वाचली, कारण ती तिचीच होती. मग उजव्या बाजूला मी लिहिले: ‘आई कोपीत भाकरी करते. मी भावाला सांभाळते. बाबा मोळ्या भरतात.’ आता दोन्ही बाजू शेजारी ठेवून कुठे कुठे वेगळे आहे ते शोधा, असे सांगितल्यावर मुले फळ्यापाशी जमली. ‘भरतो’ आणि ‘भरतात’ यांतला फरक एका मुलाने बरोबर सांगितला: ‘पुस्तकात बापाला अहो म्हणत्यात.’ व्याकरणातले आदरार्थी बहुवचन मी यापेक्षा चांगले शिकवू शकले नसते. कोपी, मोळी, पाचट, वाढे, कोयता, मुकादम हे ऊसतोडीतले शब्द आमच्या मुलांना ‘अननस’ आणि ‘ऐरण’ यांच्या कितीतरी आधी माहीत असतात. त्यांच्या शब्दपट्ट्या वर्गात दोरीवर टांगल्यावर पालकही दारातून डोकावून वाचू लागले.

ऑगस्टमध्ये माझ्या हातून चूक झाली. शब्दांचा वेग वाढावा म्हणून मी भिंतीवर एक तक्ता लावला आणि मुलांच्या नावापुढे दर शनिवारी मिनिटाला वाचलेल्या शब्दांची संख्या लिहू लागले. मोबाइलमधले वेळ मोजण्याचे घड्याळ मुलांना फार आवडले. तीन आठवड्यांत आकडे झपाट्याने चढले. चौथ्या शनिवारी तिसरीतल्या एका मुलाने शेळीची गोष्ट मिनिटाला ७२ शब्दांच्या वेगाने वाचली आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी त्याला गोष्टीतली शेळी का हरवली असे विचारले. तो म्हणाला, ‘त्ये नाई बघितलं, बाई. लई जोरात वाचीत होतो.’ त्याच दिवशी ३८ शब्द वाचणारी मुलगी मात्र शेळीच्या गळ्यातली घंटा तुटली होती म्हणून आजीला ती लवकर सापडली नाही, हे नीट सांगत होती. घंटा तुटल्याचा आणि शेळी लवकर न सापडल्याचा संबंध मजकुरात कुठेही लिहिलेला नव्हता. तो तिने स्वतः जोडला होता. तक्त्यावर मात्र ती शेवटून तिसरी होती.

सोमवारी मुले येण्यापूर्वी मी तो तक्ता काढला. वेळ मोजणे बंद केले नाही, पण ते आठवड्याऐवजी सहा आठवड्यांतून एकदा, व्हरांड्यात, एकेकट्या मुलाजवळ बसून आणि आकडा फक्त वहीत लिहून. वेगासाठी दुसरी वाट धरली. एक मजकूर आधी मी मोठ्याने वाचायचा, मुलांनी बोट फिरवत ऐकायचे. दुसऱ्या दिवशी तोच मजकूर जोडीने वाचायचा, एक वाचणार आणि दुसरा ऐकून प्रश्न विचारणार. तिसऱ्या दिवशी तो घरी कोणाला तरी वाचून दाखवायचा आणि त्या व्यक्तीने काय विचारले ते वर्गात येऊन सांगायचे. हे तिसऱ्या दिवसाचे काम सर्वांत जास्त फळाला आले. एका आजोबांनी नातवाला विचारले होते की एवढ्या रात्री म्हातारीला नुसत्या नातीबरोबर का जाऊ दिले, घरात माणसे नव्हती का. दुसऱ्या दिवशी अर्धा तास वर्ग त्यावरच बोलत होता आणि घरात कोण असेल याचा पुरावा शोधण्यासाठी मुले गोष्ट पुन्हा पुन्हा वाचत होती. ऑक्टोबरच्या तपासणीत त्या ३८ शब्दांच्या मुलीने ५१ शब्द वाचले. ७२ शब्द वाचणारा मुलगा ६४वर आला आणि त्याने तिन्ही प्रश्नांची उत्तरे दिली. त्याचा आकडा उतरलेला पाहून मला आनंद झाला.

दिवाळी झाली. २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान असल्यामुळे काही कुटुंबे मतदान करून मगच निघाली, पण महिनाअखेर सात मुले वर्गातून गेली होती. काहींना आजीआजोबांकडे आणि हंगामी वसतिगृहात ठेवून घेण्यात आम्हाला यश आले होते, या सातांच्या बाबतीत मात्र धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी दुसरे कोणी नव्हते. त्यांना शिक्षण हमी कार्ड दिले, म्हणजे तिथल्या जवळच्या शाळेत बसता यावे. पण फड बदलला की कोपी हलते आणि शाळाही बदलते, हे आम्हाला ठाऊक होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर भागात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली, मूल जिथे असेल तिथे शाळा नेली. ती ताकद माझ्यात नाही. मी प्रत्येकाला एक प्लास्टिकची पिशवी दिली. तिच्यात वीस वाचनपट्ट्या, तीन पातळ गोष्टींची पुस्तके, एक वही आणि दोन पेन्सिली होत्या. ज्या पालकांकडे मोबाइल होते, त्यांच्या क्रमांकांवर मी दर रविवारी एक गोष्ट माझ्या आवाजात पाठवीत असे, आणि मुलांनी जमेल तेव्हा आपले वाचन पाठवायचे असे ठरले होते.

सातांपैकी चौघांकडून जानेवारीनंतर काहीच आले नाही. दोघांकडून अधूनमधून येत राहिले. भावाला सांभाळणाऱ्या त्या मुलीचे वाचन मात्र जवळजवळ दर आठवड्याला येई. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, लहान भावाचे रडणे आणि त्यातून तिचे अडखळत चाललेले वाक्य मी रात्री घरी बसून ऐके आणि तिच्या पानावर नोंदी करी. एकदा ती ‘चंद्र’ या शब्दापाशी अडली. मागून तिच्या वडिलांचा थकलेला आवाज आला, ‘चंद्र हाय ते. वर बघ की.’ काही क्षण काहीच ऐकू आले नाही आणि मग तिने तो शब्द नीट वाचला. नोंदवहीत मी त्या दिवशी ‘चंद्र: जोडाक्षर मदतीने’ असे लिहिले.

मार्चच्या अखेरीस मुले परतली. त्याच महिन्यात निपुण महाराष्ट्र कृती कार्यक्रम सुरू झाला होता आणि मुलांच्या पातळ्यांची पडताळणी होणार होती. पडताळणीसाठी आलेल्या व्यक्तीने त्या मुलीला एक नवा मजकूर दिला, घड्याळ लावले आणि ‘हाय’, ‘पानी’, ‘करती’ असे सगळे शब्द चुकीचे धरून तिचे २९ शब्द भरवले. मला ते सहन झाले नाही. मी वही पुढे ठेवली आणि जूनमधले तिचे पान दाखवले. तिथे दुसरीच्या सुरुवातीला तिला फक्त अकरा अक्षरे येत असल्याची नोंद होती. मग हिरव्या शाईच्या नोंदी दाखवल्या आणि बोलीतला शब्द उच्चारणाऱ्या मुलाने मूळ शब्द वाचलेला असतो, हे उदाहरणे देऊन सांगितले. बराच वेळ चर्चा झाली. त्यांनी तिला पुन्हा वाचायला लावले आणि बोलीचे शब्द बरोबर धरून ३८ हा आकडा लिहिला. तरीही दुसरीचा निकष ४५चा आहे. तक्त्यात तिच्यापुढे ‘असाध्य’ असेच नोंदवले गेले आणि नियमाने ते बरोबर होते. अकरा अक्षरांपासून ३८ शब्दांपर्यंतचा प्रवास लिहायला त्या तक्त्यात रकाना नाही, आणि तो असायला हवा अशी मागणी मी त्यानंतरच्या शिक्षण परिषदेत मांडली. दोन शाळांनी अशीच वही ठेवायचे मान्य केले. रकान्याबद्दल अजून काही कळलेले नाही.

एप्रिलमध्ये गावात चावडी वाचन झाले. मारुतीच्या पारावर संध्याकाळी माणसे जमली होती, बरीचशी नुकतीच तोडीवरून आलेली. मुले एकेक करून उभी राहून वाचत होती. त्या मुलीची पाळी आली तेव्हा तिने शेळीची गोष्ट निवडली. वाचन हळू झाले, दोनदा ती मागे आली, पण ती थांबली नाही. संपल्यावर समोर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने विचारले, ‘मंग शेळी घावली कुठं?’ मुलीने लगेच उत्तर दिले नाही. तिने कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला, वरून खाली बोट फिरवत नेले, नेमक्या ओळीवर थांबली आणि वाचले, ‘ओढ्याच्या काठी, बाभळीखाली.’ जूनमध्ये शब्दापर्यंत पोहोचण्यासाठी एका मुलाला अख्खे वाक्य पाठ म्हणत यावे लागले होते. ही मुलगी जे हवे ते नजरेने शोधत होती.

ती या वर्षी तिसरीत माझ्याकडेच आहे. ‘पाऊस’वाला मुलगा चौथीत गेला. शाळा उघडली त्या दिवशी मी वहीतली त्याची पाने सोडवून सहकाऱ्यांच्या हाती दिली आणि त्याच्याजवळ बसून दहा मिनिटे ऐका, अशी विनंती केली. शेवटच्या पानावरची नोंद अशी होती: ‘५२ शब्द, अपरिचित मजकूर. तीनपैकी तीन उत्तरे, तिसरे सविस्तर. स्वतःहून चार दुरुस्त्या. रफार अजून अडतो: सूर्य, गर्दी, वर्ष. पाठ करून म्हणण्याची सवय ताणाखाली परत येते, तेव्हा मजकूर बदलून द्यावा. फळ्यावर लिहायला आवडते.’